हिरव्या ट्रकच्या पोटातले पत्र

मी एक जुना पिकअप ट्रक आहे. रंगाने हिरवा, म्हणजे जिथे रंग उरला आहे तिथे हिरवा. माझ्यासारखे म्हातारे आपली गोष्ट सांगायला बसले की आपण किती ओझी वाहिली आणि किती रस्ते तुडवले तेच सांगत बसतात. मीही थोडे सांगेन. पण मित्रांनो, आधी एक कबुली देऊन टाकतो. मी फार मत्सरी आहे. माझ्या पोटात एका मुलीचे पत्र दहा दिवस दडून राहिले आणि त्याचा मला आनंद झाला होता.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. तिथे मिनिटाला एक भाऊ बाहेर पडे, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. पहिली सात वर्षे मी एका मळेवाल्याकडे काढली. त्याने मला एकदाही धुतले नाही. मग तेओफिलो बारागान यांनी मला विकत घेतले आणि अमेरिकेतल्या यॅकिमाच्या खोऱ्यात, सनीसाइड गावाबाहेरच्या आपल्या घरासमोर आणून उभे केले. तेओफिलो मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेले. ते सफरचंदांच्या नि चेरीच्या बागांत तोडणीचे काम करत. त्यांनी त्याच दिवशी मला साबणाच्या पाण्याने धुतले, आरशाला जपमाळ अडकवली आणि बायकोला हाक मारली.

"एल्विरा, बाहेर ये! बघ, नवरदेव आणलाय."

"हा नवरदेव?" एल्विरा दारातूनच म्हणाली. "अंगभर पोचे आहेत त्याला. तुझ्यासारखाच दिसतोय."

"म्हणून तर टिकेल."

त्यांना दोन मुली होत्या. थोरली मारीक्रूस सात वर्षांची, धाकटी नेरेदा तीनची. दोघी आईला अमा म्हणत आणि वडिलांना अपा. दर रविवारी चर्चला जाण्याआधी मला धुणे हा घरचा नियम झाला. मारीक्रूसला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे मोठा सोहळा झाला आणि माझ्या अंगावर पांढऱ्या फिती बांधल्या गेल्या. घेरदार गुलाबी झगा घालून ती माझ्या हौद्यात खुर्चीवर बसली, आणि रस्त्यावरचे लोक हात हलवू लागले. ते तिच्याकडे बघत होते, पण मला वाटले, माझ्याकडेच बघताहेत.

माझा जीव मात्र धाकटीवर होता. घरात खोल्या दोन आणि टीव्ही कायम चालू. म्हणून नेरेदा माझ्या केबिनमध्ये बसून अभ्यास करायची. मोठमोठ्याने वाचायची. ग्रहांची नावे, नद्यांची लांबी, अपूर्णांक. मला वाटे, ती मलाच शिकवते आहे. मारीक्रूस त्या वेळी माझ्या बॉनेटखाली असे. अपांच्या हातात पाना देता देता ती स्वतःच पाना फिरवायला शिकली. तिचे हात गार असत आणि जरा राकट. माझे सारे दुखणेखुपणे ती काढी, पण माझे कान असत ते केबिनमधल्या वाचनाकडे.

मारीक्रूस शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा अपा शिडीवरून पडले. कंबर कायमची गेली. त्याच आठवड्यात मारीक्रूसने शाळा सोडली आणि ती सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला लागली. शाळा सोड, असे तिला कुणी म्हटले नाही. सोडू नको, असेही कुणी म्हटले नाही.

चार वर्षांनी नेरेदाला डोंगरापलीकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पाण्याचे, कालव्यांचे, धरणांचे इंजिनियरिंग. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. तिची गादी, तिची पुस्तके आणि अमाने फडक्यात बांधून दिलेल्या चाळीस तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, हे सगळे मी माझ्या हौद्यातून नेले. गाडी मारीक्रूस चालवत होती.

"काडे," ती म्हणाली. अंगाने बारीक म्हणून नेरेदाला ती काडीच म्हणे. "तिथं जाऊन विसरशील आम्हाला."

"काहीतरीच तुझं. दर शनिवारी येणार आहे मी."

"शनिवारी येतात ते पाहुणे असतात गं."

विद्यापीठाची ती विटांची इमारत मी पहिल्यांदा पाहिली आणि माझ्या अंगाची आग झाली. तिला चाके नव्हती, ती कुणाला कुठे नेत नव्हती. तरी सगळी तरणीताठी पोरे तिच्याकडे धावत होती. नेरेदाही धावली. मागे वळून तिने हात केला तो मारीक्रूसला. मला नाही.

तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. एका मैत्रिणीची लाल गाडी तिला घरी सोडायला आली आणि माझ्या शेजारीच उभी राहिली. तिचे इंजिन इतके हळू चालत होते की बंद आहे असे वाटावे. मी त्या संध्याकाळी सुरू होताना मुद्दाम काळा धूर सोडला.

पदवीच्या दिवशी मात्र सगळे माझ्यातूनच गेले. अमा परतताना रस्ताभर धुमसत होती, कारण मंचावरून नेरेदाचे नाव चुकीचे उच्चारले गेले होते.

"चार वर्षं पोरगी तिथं राहिली, अन् नाव तेवढं धड घेता येईना त्यांना!"

"असू दे गं अमा. कागदावर बरोबर आहे," नेरेदा हसत म्हणाली.

तो कागद भिंतीवर लागला आणि नेरेदा घरी बसली. ती अर्ज लिही, पाठवी, वाट पाही. उत्तर आलेच तर त्यात लिहिलेले असे की अनुभव हवा. तिच्या वर्गातल्या मुलींचे काका-मामा कचेऱ्यांत होते. नेरेदाचे काका-मामा बागांत होते. अर्ज कसा लिहायचा, कुणाला भेटायचे, मुलाखतीला काय घालून जायचे, हे विचारायला घरात कुणी नव्हते. सहा महिन्यांनी तीही पॅकिंग शेडमध्ये जाऊ लागली. मारीक्रूसच्या शेजारीच तिला उभे राहायला जागा मिळाली.

"या, इंजिनियरबाई, या," पहिल्या दिवशी माझे दार उघडून देत मारीक्रूस म्हणाली. "डागी सफरचंद डावीकडे, चांगलं उजवीकडे. हे शिकायला चार वर्षं लागायची नाहीत."

नेरेदा हसली. मारीक्रूसही हसली. आणि मित्रांनो, खरे सांगतो, मीही खूश होतो. लाल गाडी गेली, ती इमारत गेली, नेरेदा पुन्हा माझ्या केबिनमध्ये होती.

पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? शेजारची दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, रोज संध्याकाळी माझ्या खिडकीला लटके.

"नेरेदा, बाई, तू शिकलेली. हा दवाखान्याचा कागद वाच बरं काय म्हणतोय ते. आमची इंजिनियर आहे म्हणून बरं!" मग चालकाच्या जागेकडे नजर टाकून ती म्हणे, "अन् तू गं मारी? अजून तिथंच ना? बरं, बरं."

त्या 'बरं, बरं'वर मारीक्रूसचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच दाबला जाई. ती तोंडाने काही बोलत नसे. पण माणसाच्या पायाखाली राहणाऱ्याला त्याच्या मनातले कळते. माझ्यात जे जळत होते तेच तिच्यात जळत होते.

मार्च महिन्यात एका मंगळवारी नेरेदा तापाने घरी होती. शेडमधून परतताना मारीक्रूसने मला टपालपेटीपाशी थांबवले. कालव्यांच्या कचेरीचे लांबट पाकीट आले होते. वर नेरेदाचे नाव. मारीक्रूसने ते उलटसुलट करून पाहिले. मग नखाने फोडले. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मुलाखतीस यावे, असे आत लिहिले होते. तिने ते ओठ हलवत दोनदा वाचले, माझ्या केबिनमधला समोरचा कप्पा उघडला आणि पाकीट गाडीच्या कागदांखाली सारले.

"उद्या देते," ती म्हणाली. ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हते.

उद्याला उद्या जोडत दिवस गेले. नेरेदाचा ताप उतरला. ती रोज विचारी, "आलं का गं काही?"

"बिलं. आणि गालिच्यांची जाहिरात."

मला वाचा नाही, हे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण मित्रांनो, वाचा नसणे वेगळे आणि गप्प बसणे वेगळे. मला वाचा असती तरी मी गप्पच बसलो असतो. ते पाकीट म्हणजे पुन्हा एक इमारत होती आणि मला नेरेदा कुठल्याही इमारतीला द्यायची नव्हती.

तो गुरुवार आला. मी शेडबाहेर उभा होतो. बरोबर दहाच्या सुमारास मारीक्रूस एकटी बाहेर आली, माझ्या बॉनेटला टेकून उभी राहिली, घड्याळाकडे पाहून पुन्हा आत गेली.

शुक्रवारी शेड लवकर सुटली. आम्ही घरी निघालो. माझा मागचा डावा दिवा आठवडाभर बंद होता. एरवी मारीक्रूसने तो त्याच दिवशी बदलला असता, पण त्या आठवड्यात तिचे माझ्याकडे लक्षच नव्हते. पोलिसाने आम्हाला बाजूला घेतले आणि गाडीचे कागद मागितले. मारीक्रूस काही बोलायच्या आत नेरेदाने कप्पा उघडला. कागद निघाले आणि त्यांच्याबरोबर पाकीट तिच्या मांडीवर पडले.

दिवा बदला, एवढे सांगून पोलीस निघून गेला. माझे इंजिन चालू होते. नेरेदाने पाकिटातले पत्र काढून वाचले.

"मारी, हे काय आहे?"

मारीक्रूस रस्त्याकडे बघत राहिली.

"यावर माझं नाव आहे. आणि हे फोडलंय."

"हो."

"काल होती मुलाखत. काल! मी काल दहा वाजता तुझ्या शेजारी उभी राहून सडकी सफरचंदं काढत होते."

"हो."

"हो काय? बोल की काहीतरी!"

"काय बोलू? बघवलं नाही मला. झालं?" मारीक्रूस म्हणाली. "तू गेलीस, मी तिथंच. तू परत आलीस, माझ्या शेजारी उभी राहिलीस, आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, कळू दे हिलाही, आठ तास उभं राहून पाय कसे होतात. आणि मग हे आलं."

"मी काय घेतलं होतं गं तुझं?"

"काहीच नाही. तेच तर. तुला शिव्या द्यायला कारणसुद्धा ठेवलं नाहीस तू."

नेरेदाने दार उघडले. "मी चालत जाते."

"बस आत."

"तुझ्याबरोबर नाही बसायचं मला."

"नको बोलूस माझ्याशी. जन्मभर नको बोलूस. पण आत्ता बस आणि दार लाव." मारीक्रूसने मला गर्रकन वळवले. "कचेरी पाचपर्यंत उघडी असते."

"या कपड्यांत? डोक्यावर शेडची जाळी आहे माझ्या!"

"मग काढ जाळी."

कालव्यांच्या कचेरीला पुढून मोठी काच होती. मला आतले दिसत होते, ऐकू येत नव्हते. टेबलामागे पांढऱ्या केसांची एक बाई, पुढे दोघी बहिणी. मारीक्रूस हातवारे करत बोलत होती, नेरेदा जमिनीकडे बघत होती. आत काय झाले ते नेरेदाने रविवारी अमाला सांगितले, तेव्हा मी ऐकले.

मारीक्रूस म्हणाली होती, "पत्र मी लपवलं. हिला ठाऊकही नव्हतं. हिची बहीण वाईट निघाली, म्हणून ही वाईट होत नाही. एवढंच सांगायला आले."

त्या बाईंचे नाव मिसेस हॉल्वर्सन. त्यांनी सांगितले की जागा भरली, काल संध्याकाळीच. पण दोघी वळल्या तेव्हा त्यांनी नेरेदाला थांबवले आणि विचारले, "आमच्या कालव्याबद्दल तुला काय माहीत आहे?"

"तुमचा सतरा नंबरचा दरवाजा गळतो," नेरेदा म्हणाली. "मी सहा वर्षांची होते तेव्हापासून. आमच्या घरामागेच आहे तो."

मिसेस हॉल्वर्सन हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले. मग म्हणाल्या, हंगामापुरते एक काम आहे. एप्रिलपासून रोज ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजायची. कालव्याकाठचे रस्ते खराब आणि कचेरीकडे गाड्या कमी. स्वतःची गाडी आहे का?

तेव्हा नेरेदाने काचेतून माझ्याकडे बोट केले. ते बोट मी पाहिले. माझ्या सगळ्या नळ्यांतून पाणी एकदम उकळले.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ. धुळीचा रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बागा, आणि केबिनमध्ये फक्त नेरेदा. ती आकडे मोठ्याने म्हणे आणि वहीत लिही. पुन्हा जणू मलाच शिकवत होती.

घरात मात्र शब्द आटले होते. दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. "मीठ दे" आणि "दार लाव" एवढेच. मारीक्रूस तोमासाबाईच्या गाडीतून शेडला जाऊ लागली. पण रोज संध्याकाळी ती अंगणात येई, माझे ऑइल बघे, चाकांत हवा आहे का ते बघे. काठावरच्या त्या एकाकी रस्त्यावर बहीण अडकू नये म्हणून. खिडकीतून नेरेदा ते पाही आणि पडदा ओढून घेई.

जुलैत भर दुपारी माझा पट्टा तुटला. इंजिन तापले, वाफ निघाली आणि मी कालव्याच्या काठावर बसलो. नेरेदाने घरी फोन केला, घरून शेडला निरोप गेला. तासाभराने तोमासाबाईची गाडी धूळ उडवत आली आणि त्यातून मारीक्रूस उतरली. शेडचा एप्रन अंगावर, हातात हत्यारांची पेटी.

ती सरळ बॉनेटखाली वाकली. नेरेदा तिच्या हातांकडे बघत उभी राहिली. मग तिने विचारले, "मारी, तुला काय व्हायचं होतं गं?"

आतून फक्त पान्याचा आवाज येत होता.

"मारी?"

"ऐकलं." ती वर न बघता म्हणाली. "मोठ्या इंजिनांचं काम. डिझेलची. इथल्याच कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स होता. मला जागा मिळाली होती. अपा पडले त्याच आठवड्यात कागद आला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू चौदाची होतीस. अमाला रडू आवरत नव्हतं. आणि नंतर कुणी विचारलं नाही." तिने पट्टा ताणून बसवला. "तू आज विचारलंस. नऊ वर्षांनी. चल, चालू करून बघ."

मी चालू झालो. मला चालू व्हावेच लागले, कारण त्या हातांनी मला कधीच दगा दिला नव्हता. आणि मित्रांनो, त्या दुपारी माझी मान खाली गेली. इतकी वर्षे मी ज्या मुलीसाठी जळत होतो ती माझ्यात बसत असे. जिने मला जिवंत ठेवले तिच्याकडे मी एकदाही पाहिले नव्हते. घरच्या माणसांनी जे केले, तेच मीही केले होते.

नेरेदा केबिनमधून म्हणाली, "तू जे केलंस ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस."

"पण तो कोर्स अजून चालू आहे. संध्याकाळचे वर्ग आहेत. आणि अर्ज कसा लिहायचा, कुणाच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायचं, ते आता मला कळतं. मला सांगायला कुणी नव्हतं. तुला मी आहे."

मारीक्रूसने एप्रनला हात पुसले. मग दार उघडून ती नेरेदाच्या शेजारी बसली.

हंगाम संपला तेव्हा मिसेस हॉल्वर्सननी नेरेदाला कायम केले. सतरा नंबरचा दरवाजाही दुरुस्त झाला. तिला कचेरीची पांढरी गाडी मिळाली. दारावर सोनेरी शिक्का, काच बटणाने खाली जाणारी. ती गाडी पहिल्यांदा आमच्या अंगणात आली तेव्हा माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. मी तिच्यावर मनसोक्त जळलो. पण नेरेदाला नेताना ती कुठे अडू नये, असेही मला वाटले. हे दोन्ही एकाच पोटात कसे मावले, ते मला अजून कळलेले नाही.

जानेवारीपासून मारीक्रूस मला घेऊन संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली. दिवसभर शेड, संध्याकाळी कॉलेज. वर्गात बाकी सगळे पुरुष. तीन वर्षे लागली, पण तिने कोर्स पुरा केला. पदवीदानाला नेरेदा पुढच्या रांगेत बसली आणि थोरलीचे नाव पुकारले तेव्हा इतक्या जोरात ओरडली, की बाहेर उभ्या असलेल्या मला ऐकू आले.

आता मारीक्रूसचे स्वतःचे गॅरेज आहे. मी त्याच्या दाराशी उभा असतो. आत रोज नवी नवी इंजिने येतात, मोठी, घरघरणारी, ऐटबाज. ती त्यांच्यात कोपरापर्यंत हात घालते, त्यांच्याशी बोलते, त्यांना थोपटते. बाहेर येते तेव्हा तिच्या हातांना परक्यांच्या ऑइलचा वास असतो. मला काय होत असेल ते सांगायला नको!

माझे आता फार दिवस उरले नाहीत. म्हणून जाता जाता एक विनंती करतो. मित्रांनो, मत्सर वाटला म्हणून स्वतःला राक्षस समजू नका. तो गंजासारखा असतो, ओल दिसली की धरतो. पण त्याला कुणाचा रस्ता अडवू देऊ नका. आणि तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याने तुम्हाला शाळेच्या, कॉलेजच्या, कचेरीच्या दारापर्यंत आणून सोडले आणि स्वतः बाहेरच थांबले. त्याला धुऊन पुसून ठेवाच. पण एवढ्याने भागत नाही. त्याच्याजवळ जा आणि त्याला कुठे जायचे होते, ते विचारा.